सागरला ताप, सागराला भरती

१. दोन्ही नावंच, मग फरक कसला?

तिसरी-चौथीतल्या मुलाचा अभ्यास घ्यायला बसलं की हा प्रश्न कधी ना कधी येतोच. पुस्तकात लिहिलेलं असतं : ‘मुलगी’ हे सामान्यनाम, ‘कविता’ हे विशेषनाम. मूल क्षणभर विचार करतं आणि म्हणतं, “पण मुलगी हेही नावच आहे ना?”

प्रश्न अगदी बरोबर आहे. मराठीत ‘नाम’ आणि ‘नाव’ हे मुळात एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत. व्याकरणातल्या संज्ञेला आपण ‘नाम’ म्हणतो आणि बारशाला ठेवतात त्याला ‘नाव’. इंग्रजीत ‘नाउन’ आणि ‘नेम’ असे कानाला पुरते वेगळे वाटणारे शब्द आहेत, म्हणून तिथल्या मुलाचा इतका गोंधळ होत नाही. आपल्या मुलाला मात्र वाटतं की प्रत्येक वस्तूला नाव आहे, म्हणजे सगळीच नामं सारखी. मग काही नावं ‘विशेष’ कशी झाली?

यावर बहुतेक घरांत एक यादी हातात दिली जाते : माणसांची, गावांची, नद्यांची, डोंगरांची नावं म्हणजे विशेषनामं, बाकी सगळी सामान्यनामं. यादी पाठ होते, परीक्षेत गुणही मिळतात. पण वाक्य जरा आडवळणाचं आलं की यादी कोलमडते. पुण्यातल्या प्राथमिक शाळेत मराठी शिकवताना हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आणि शेवटी यादी देणं सोडून दिलं. या प्रकरणात यादीऐवजी दोन साधनं देणार आहे. एक आहे प्रश्न, दुसरं आहे मुलाचा स्वतःचा कान.

२. ‘विशेष’ म्हणजे भारी नव्हे

आधी एक अडथळा दूर करू. एकदा वर्गात विशेषनामांची उदाहरणं लिहायला सांगितली होती. एका मुलीने लिहिलं : पुरणपोळी. कारण विचारलं तर म्हणाली, “ती रोज नसते, सणालाच करतात.” त्याच तासाला एक मुलगा ‘राजा’ हा शब्द सामान्यनामांच्या रकान्यात लिहायला तयार होईना. “राजा सामान्य कसा असेल?” त्याचा चेहरा अजून आठवतो. राजाचा अपमान झाल्यासारखा.

दोन्ही मुलं विचार करत होती, म्हणूनच चुकली. रोजच्या बोलण्यात ‘विशेष’ म्हणजे खास आणि ‘सामान्य’ म्हणजे साधंसुधं. व्याकरणात या शब्दांचा अर्थ तसा नाही. इथे ‘सामान्य’ म्हणजे सगळ्यांत समान असलेलं, सामाईक. जुन्या वाड्यात एक सामाईक नळ असायचा आणि सगळी बिऱ्हाडं त्यावर पाणी भरायची. आजच्या मुलाला वाडा ठाऊक नसेल, तर सोसायटीची लिफ्ट सांगा. लिफ्ट सगळ्यांची, आपल्या दाराची किल्ली मात्र आपली. ‘राजा’ हा शब्द लिफ्टसारखा आहे. जगात जेवढे राजे झाले, त्या सगळ्यांना तो चालतो. पुरणपोळी कितीही आवडती असली तरी ताटातल्या प्रत्येक पोळीला तोच शब्द लागू पडतो. म्हणून दोन्ही सामान्यनामं.

किल्ली कशी मिळते, हे सांगायला बारशाइतकं चांगलं उदाहरण नाही. मूल जन्माला येतं तेव्हा ते ‘बाळ’ असतं. दवाखान्यात त्याच्या मनगटाला पट्टी बांधतात, तिच्यावर आईचं नाव लिहिलेलं असतं. शेजारच्या पाळण्यातलंही बाळच, त्याच्या पलीकडचंही बाळच. मग बाराव्या दिवशी किंवा सोयीच्या दिवशी पाळणा सजतो, आत्या वाकून कानात कुर्रर्र करते आणि नाव सांगते. त्या क्षणाआधी बाळाजवळ सामान्यनाम होतं. आता त्याला विशेषनामही मिळालं. पहिलं गेलं नाही, हेही मुलांच्या लक्षात आणून द्या. कविता ही कविताही आहे आणि मुलगीही.

आणखी एक शब्द घोळ घालतो. जुन्या व्याकरणांत सामान्यनामाला जातिवाचक आणि विशेषनामाला व्यक्तिवाचक म्हटलेलं आढळतं. ‘व्यक्ती’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे माणूसच येतो. व्याकरणात मात्र व्यक्ती म्हणजे त्या जातीतलं कोणतंही एकटं : एक नदी, एक किल्ला, एक गाय, एक आगगाडी. ‘सिंहगड’ ही अशीच एक व्यक्ती आहे.

३. मुलाला हे आधीच ठाऊक असतं

हा फरक आपण मुलाला नव्याने शिकवतो, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. १९७४ साली नॅन्सी कॅट्झ, एर्ना बेकर आणि जॉन मॅकनमारा या तीन अभ्यासकांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. सुमारे दीड वर्षाच्या मुलींसमोर त्यांनी दोन बाहुल्या ठेवल्या आणि त्यांतल्या एकीची ओळख पूर्वी कधी न ऐकलेल्या शब्दाने करून दिली. इंग्रजीत सामान्यनामाआधी ‘अ’ हा छोटा शब्द येतो, विशेषनामाआधी येत नाही. काही मुलींना ‘ही अमुक आहे’ असं त्या ‘अ’सकट सांगितलं, काहींना त्याच्याशिवाय. नंतर तोच शब्द वापरून बाहुली मागितली. ‘अ’सकट ऐकलेल्या मुली दोन्हींपैकी कोणतीही बाहुली उचलत. ‘अ’ न ऐकलेल्या मुली बहुतेक वेळा जिचं नाव सांगितलं होतं, तिलाच उचलत.

प्रयोगाचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. बाहुल्यांच्या जागी लाकडी ठोकळे ठेवले, तेव्हा हा फरक दिसला नाही. ठोकळ्याला स्वतःचं नाव असेल, हे त्या मुलींच्या गावीही नव्हतं! बाहुलीला चेहरा आहे, ती कुणीतरी आहे. तिला नाव असणारच. ठोकळा हा ठोकळा.

म्हणजे पूर्ण वाक्यही बोलता न येणाऱ्या मुलाला समजलेलं असतं की काही गोष्टी एकमेकींच्या जागी चालतात आणि काही चालत नाहीत. वाटी दुसरी दिली तर चालेल, पण कोपऱ्यात पडलेलं ते मळकं, एका कानाचं अस्वलच हवं. नवंकोरं दुसरं नको. ज्या घरात लहान मूल आहे तिथे ही गोष्ट सांगावी लागत नाही. शाळेत आपल्याला या जाणिवेला फक्त दोन शब्द द्यायचे असतात. म्हणून शब्द शेवटी द्या, खेळ आधी.

४. ‘कुठला?’ हा प्रश्न कधी थांबतो

पहिलं साधन. रिक्षात बसलात आणि म्हणालात, “देवळात चला.” रिक्षावाला विचारेल, “कुठल्या?” तुम्ही म्हणाल, “मारुतीच्या.” एखाद्या लहान गावात एवढ्यावर काम भागतं, कारण वेशीपाशी एकच मारुती असतो. पुण्यात रिक्षावाला मागे वळून पुन्हा विचारेल, “कुठल्या मारुतीच्या?” सोन्या मारुती, जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, भिकारदास मारुती, डुल्या मारुती, अकरा मारुती, उंटाड्या मारुती. तुम्ही “सोन्या मारुती” म्हणालात की प्रश्न संपतो आणि मीटर पडतं.

मुलांना हाच खेळ द्या. फरशीवर खडूने चार-पाच पायऱ्या काढा. तळच्या पायरीवर ‘जागा’ लिहा. कुठली जागा? इमारत. कुठली इमारत? वाडा. कुठला वाडा? शनिवार वाडा. आता मुलाला विचारू द्या, “कुठला शनिवार वाडा?” ते स्वतःच हसतं, कारण हा प्रश्न विचारण्यात अर्थ उरलेला नसतो. जिथे ‘कुठला’ थांबला, ती पायरी विशेषनामाची. तिच्याखालच्या सगळ्या पायऱ्या सामान्यनामांच्या.

दुसरी शिडी घ्या. वस्तू, फळ, आंबा, हापूस. इथे मुलं उडी मारून म्हणतात, “हापूस विशेषनाम!” विचारा, “कुठला हापूस?” लगेच उत्तर येतं : देवगडचा, रत्नागिरीचा, काल बाबांनी आणलेल्या पेटीतला. प्रश्न अजून जिवंत आहे, म्हणजे हापूस हे सामान्यनामच. एकेका आंब्याचं बारसं कुणी करत नाही. गाईचं मात्र करतात, बैलाचं करतात. पोळ्याला सजलेल्या जोडीतला सर्जा कोण आणि राजा कोण, हे घरातल्या लहान मुलालाही सांगता येतं. म्हणून शेतकऱ्याच्या घरी ‘बैल’ची शिडी एक पायरी वर जाते आणि ‘आंबा’ची जात नाही.

पुण्याच्या मारुतींकडे परत येऊ, कारण तिथे एक मोठी गोष्ट दडलेली आहे. ‘मारुती’ हे विशेषनाम. पण एका शहरात त्याची इतकी देवळं झाली की ते नाव सामान्यनामासारखं वागू लागलं आणि लोकांना त्याच्यापुढे आणखी एक शब्द जोडावा लागला. विठोबांचंही तेच झालं : पासोड्या विठोबा, निवडुंग्या विठोबा, उपाशी विठोबा. मुरलीधरांतला एक तर खुन्या मुरलीधर. नाव हे गर्दीतून एकाला वेगळं काढण्यासाठी असतं. गर्दी वाढली की जुनं नाव अपुरं पडतं. वर्गात एकाच नावाच्या तीन मुली आल्या की बाई काय करतात? आडनावाचं पहिलं अक्षर जोडतात. पुण्याने मारुतीच्या बाबतीत तेच केलं. या नावांमागच्या कहाण्या मुलांना घरच्या मोठ्यांना विचारू द्या. व्याकरणाच्या तासाला आजोबा कामाला येतात, यापेक्षा चांगलं काय?

आता मुलांना थोडं चक्रावून सोडू. लकडी पूल लाकडाचा आहे का? नाही. पेशवाईत लाकडाचा होता, आज तिथे पक्का पूल उभा आहे आणि त्याचं अधिकृत नाव संभाजी पूल आहे. तरी पुणेकर लकडी पूलच म्हणतात. नवा पूल नवा आहे का? शिवाजी पुलाला लोक ‘नवा पूल’ म्हणतात, त्याला शंभर वर्षं झाली. तुळशीबागेत बाग नाही. बांगड्या, भांडी आणि खेळणी आहेत. टिळक, आगरकर, चिपळूणकरांची न्यू इंग्लिश स्कूल १८८० साली सुरू झाली आणि अजूनही ‘न्यू’च आहे.

ही उदाहरणं एकत्र ठेवली की मुलांना एक भेद स्वच्छ दिसतो. ‘तो पूल लाकडाचा आहे’ हे वर्णन आहे आणि वर्णन खोटं ठरू शकतं. ‘लकडी पूल’ हे नाव आहे; नाव खोटं ठरत नाही. पूल बदलला तरी ते चिकटून राहतं. गोरा नसलेला गोरोबा असू शकतो, आडनावाने सुतार असलेले काका बँकेत असू शकतात.

नावाला अर्थ असायलाच हवा असंही नाही. दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी पतंजलीने ‘महाभाष्य’ या व्याकरणग्रंथात शब्दांचे प्रकार सांगताना एक गायीसारखा जातीचा शब्द घेतला, एक पांढऱ्यासारखा गुणाचा, एक चालण्यासारखा क्रियेचा आणि चौथा घेतला ‘डित्थ’. डित्थ म्हणजे काय? काही नाही. कुणीतरी मनाला येईल तसं कुणाला तरी ठेवलेलं नाव. या महाभाष्याची पाठचिकित्सा करून प्रत तयार करणारे जर्मन पंडित फ्रान्झ कीलहॉर्न पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक होते, हे जाता जाता सांगायला हवं. वर्गात मी मुलांना आपापला ‘डित्थ’ बनवायला सांगायचे : अर्थ नसलेला शब्द शोधा आणि तो तुमच्या पेन्सिलीला द्या. आठवडाभर त्या पेन्सिली हरवत नाहीत.

५. मोठं अक्षर नसलेल्या भाषेत

आता दुसरं साधन. मला ते जास्त आवडतं, कारण ते आपल्या भाषेचं स्वतःचं आहे.

इंग्रजी माध्यमातल्या मुलाला सोपी खूण मिळते : विशेषनामाचं पहिलं अक्षर कॅपिटल. पण ती खूण लिहिण्यातली आहे, विचारातली नाही. जर्मन भाषेत तर प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं असतं, मग ते टेबल असो की बर्लिन. म्हणजे मोठं अक्षर पाहून विशेषनाम ओळखायची सवय लागलेला मुलगा जर्मन वाचताना पहिल्याच ओळीला अडखळेल. देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत. ‘सागर’ हा शब्द समुद्राचा असला काय आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाचा असला काय, कागदावर सारखाच दिसतो. मराठी मुलाला खूण डोळ्याने मिळत नाही.

कानाने मिळते. ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणा :

सागराला भरती आली.
सागरला ताप आला.

कुणीही न शिकवता प्रत्येक मराठी मूल समुद्रासाठी ‘सागराला’ म्हणतं आणि मित्रासाठी ‘सागरला’. उलट करून पाहा : ‘सागरला भरती आली’. वर्ग हसतो. हसलेल्या मुलाला विशेषनाम समजलेलं असतं.

इथे काय घडतं ते पाहू. मराठीत शब्दाला ‘ला’, ‘ने’, ‘चा’ असे प्रत्यय लागण्यापूर्वी शब्द थोडा वाकतो. ‘घोडा’चं ‘घोड्या’ होतं, मग ‘घोड्याला’. ‘शाळा’चं ‘शाळे’ होतं, मग ‘शाळेत’. या वाकलेल्या रूपाला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात. (सामान्यरूप आणि सामान्यनाम यांचा एकमेकांशी संबंध नाही, केवळ ‘सामान्य’ शब्द सारखा आहे. परीक्षेत या दोघांची गल्लत करणारी मुलं मी दरवर्षी पाहिली, म्हणून आधीच सांगून ठेवा.) सामान्यनाम मुकाट्याने वाकतं. माणसाचं नाव मात्र आजच्या बोलण्यात सहसा वाकत नाही. आपलं नाव कुणी मोडूतोडू नये, असं जणू भाषेनेच ठरवलं आहे.

मुलींच्या नावांत तर ही गंमत पावलोपावली आहे, कारण आपल्याकडे मुलींची कितीतरी नावं आधी साधे शब्द असतात :

कवितेला चाल लावली. कविताला चावी दिली.
आशेने वाट पाहिली. आशाने वाट पाहिली.
पूजेला फुलं हवीत. पूजाला फुलं हवीत.
भावनेच्या भरात बोलला. भावनाच्या घरात बोलला.
प्रकाशाने डोळे दिपले. प्रकाशने डोळे मिटले.
आकाशात ढग आले. आकाशकडे पाहुणे आले.

तिसरी जोडी पुन्हा वाचा. ‘पूजेला फुलं हवीत’ आणि ‘पूजाला फुलं हवीत’ यांत केवळ एका मात्रेचा फरक आहे. पण पहिल्या वाक्यात देवघर दिसतं आणि दुसऱ्यात केसांत गजरा माळायला बसलेली मुलगी. एवढं काम एक मात्रा करते. ज्या मुलाला हे ऐकू येतं, त्याला व्याख्या पाठ करावी लागत नाही.

ही परीक्षा कुठे चालत नाही, तेही मुलांपासून लपवू नका. नद्या आणि गावं वाकतात. आपण ‘मुठेला पूर आला’ म्हणतो, ‘पुण्याला जातो’ म्हणतो. देवांची नावंही वाकतात. नैवेद्य ‘गणेशाला’ दाखवायचा आणि खेळायला ‘गणेशला’ बोलवायचं. रामायणातली ‘सीतेला’, वर्गातली ‘सीताला’. जुन्या पुस्तकांत माणसांची नावंही सर्रास वाकलेली दिसतात आणि काही घरांत, काही गावांत अजूनही ‘रमेशाला’ ऐकू येतं. ते चूक नाही. तिथल्या मुलाला ‘तुझी मराठी अशुद्ध’ असं म्हणू नका, त्याच्यासाठी ‘कुठला?’ची शिडी आहेच. कानाची परीक्षा आसपासच्या माणसांच्या नावांपुरती वापरा. तिथे ती क्वचितच दगा देते.

६. शब्द घर बदलतात

गल्लीत क्रिकेट सुरू झालं की विटांचे स्टंप होतात. खेळ संपला की त्या पुन्हा विटा. वीट आहे तीच. खेळात तिच्याकडे काम काय दिलं, यावर तिला काय म्हणायचं ते ठरतं. शब्दांचंही असंच असतं. ‘हा शब्द सामान्यनाम की विशेषनाम?’ असं शब्द एकटा उचलून विचारणं मला म्हणूनच पटत नाही. विचारायचं ते असं : या वाक्यात तो कोणतं काम करतो आहे?

पुण्यातल्या पेठा यासाठी तयार धडा आहेत. वारांची नावं घेतलेल्या इतक्या पेठा एका जागी आहेत की इथलं मूल सहज म्हणतं, “शनिवारी आम्ही शनिवारात गेलो होतो.” पहिला शनिवार वार, दुसरा शनिवार पेठ. आणि भाषेची हुशारी बघा. वार असेल तर ‘शनिवारी’, पेठ असेल तर ‘शनिवारात’. एकाच वाक्यात एकच शब्द दोन कामं करतो आणि ऐकणाऱ्याचा जराही गोंधळ होत नाही.

‘मंडई’ हा सामान्य शब्द. पण पुण्याच्या मध्यवस्तीत “मंडईत जाऊन येते” म्हटलं की कुणी ‘कुठल्या?’ असं विचारत नाही. १८८६ साली उभी राहिलेली ती अष्टकोनी घुमटाची इमारतच डोळ्यांपुढे येते. तिथे तो शब्द विशेषनामाचं काम करतो. ‘आई’चंही तेच. लहान मूल हट्टाने सांगतं की आई हे विशेषनाम आहे. घरापुरतं ते खरंच आहे, कारण घरात आई एकच असते. शाळा सुटताना फाटकाशी कुणी “आई!” अशी हाक मारली आणि दहा जणी वळल्या, की तोच शब्द सामान्यनाम होतो. मुलाला चूक म्हणण्याऐवजी त्याला फाटकाशी उभं करा.

उलट दिशेनेही वाहतूक चालते. ‘हापूस’ आला तो अफोन्सो या पोर्तुगीज माणसाच्या नावावरून. आज तो फळांच्या एका जातीचा शब्द आहे. ‘डालडा’ हे एका कंपनीच्या मालाचं नाव होतं, पुढे कोणत्याही वनस्पती तुपाला लोक डालडा म्हणू लागले. ‘झेरॉक्स’ही असंच एक कंपनीचं नाव, आज आपण त्या शब्दाने कुठल्याही यंत्रावरची छायाप्रत मागतो. ‘आमच्या वाड्यात दोन नारद आहेत’ म्हटलं की नारद हे सामान्यनाम झालं, त्याला संख्या लागली. ही एक चांगली खूण आहे : विशेषनाम मोजायला लागलात की ते सामान्य होतं.

कधी एकच नाव माणसाकडून वस्तूकडे, वस्तूकडून जागेकडे चालत जातं. नारायणराव राजहंस हे गायक नट. लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘बालगंधर्व’ म्हटलं आणि तेच नाव झालं. १९६८ साली त्या नावाचं रंगमंदिर उघडलं. आता पुण्यात “बालगंधर्वला भेटू” म्हटलं तर कुणी माणसाला शोधत नाही. दगडूशेठ हे हलवायांचं नाव. “दगडूशेठला जाऊन आलो” म्हणजे गणपतीला जाऊन आलो. आणि पाहा, नाव जागेचं झालं तरी ‘बालगंधर्वाला’ होत नाही, ‘बालगंधर्वला’च राहतं.

७. एक वाक्य सोडवू

“शनिवारी आजी कविताला तुळशीबागेत घेऊन गेली आणि तिथे तिला बाहुली घेऊन दिली.”

शनिवारी : वाराचं नाव. शाळेत वार आणि महिने विशेषनामांत घेतात, तसंच घ्या. पण श्रावणातले ‘चार सोमवार’ मोजले की ते सामान्याकडे झुकतात, हे लक्षात असू द्या. आजी : सामान्यनाम, बोलणाऱ्याच्या घरापुरतं नावासारखं. कविताला : वाकलं नाही, म्हणून मुलीचं नाव, विशेषनाम. तुळशीबाग : बाग नसूनही तुळशीबाग, म्हणून नावच. बाहुली : सामान्यनाम, दुकानात पन्नास असतील. घरी आल्यावर कविता तिला नाव ठेवेल, तेव्हा शिडीवर आणखी एक पायरी चढेल.

दोन शंका हमखास येतात. ‘पाणी’चं अनेकवचन होत नाही, मग ते विशेषनाम का नाही? कारण पेल्यातलं, नळातलं, मुठेतलं सगळं पाणीच. शब्द सामाईक आहे. आणि ‘चंद्र’? आकाशाकडे बोट दाखवून म्हटलं तर तो एकच आहे. पण मंगळाला दोन चंद्र आहेत, हे मुलाला सांगितलं की तिथे चंद्र मोजला गेला. अशा शब्दांवर एकाच गुणाचा प्रश्न काढून मुलाला चूक-बरोबर ठरवणं अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याने कारण काय दिलं ते वाचा आणि कारणाला गुण द्या.

आपल्या भाषेचं व्याकरण पुस्तकात बसवण्याचं काम मोठ्या माणसांनी केलं आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली आलं, मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. १९६७ पासून पुण्यातली बालभारती महाराष्ट्रातल्या मुलांच्या हाती पाठ्यपुस्तकं देते आहे. व्याख्या या सगळ्यांत आहेत आणि त्या मुलाने शिकायलाच हव्यात. फक्त त्यांची जागा शेवटी आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी बारसं आणि ‘डित्थ’ पुरे. सातव्या-आठव्या वर्षी शिडी. कानाची परीक्षा त्यानंतर, कारण तोवर मूल स्वतःच्या बोलण्याकडे जरा लांबून पाहू लागलेलं असतं. व्याख्या त्या वेळी पाटीवर लिहा; वर्गातलं एखादं मूल ती तुमच्या आधीच सांगेल.

आज रात्री जेवताना घरातल्या मुलाला एवढं विचारून पाहा : हळदीकुंकवाला बोलावलेल्या शेजारच्या मुलीचं नाव ‘शोभा’ असेल, तर आपण ‘शोभेला’ बोलावतो की ‘शोभाला’? आणि दारातल्या रांगोळीने घराच्या ‘शोभेत’ भर पडते की ‘शोभात’? उत्तर ते लगेच देईल. मग ‘असं का?’ हे विचारा आणि त्याला वेळ द्या.